गुहेतील रेषा आणि माळव्याचा स्वर

२०२४ साली इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या एका गुहाचित्राचे वय किमान ५१,२०० वर्षे असल्याचे संशोधकांनी जाहीर केले. ते वृत्त वाचताना मला आपल्याच उज्जैनचे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर आठवले. १९५७ साली आगगाडीने भोपाळकडे जात असता खिडकीतून दिसलेल्या खडकांचे त्यांना स्पेन व फ्रान्समधील चित्रगुहांच्या परिसराशी साम्य जाणवले. असंख्य प्रवाशांनी ते खडक पाहिले होते. वाकणकर मात्र तेथवर चालत गेले. तेच भीमबेटका २००३ साली जागतिक वारसास्थळ ठरले. आपल्या शहरापासून अवघ्या पंचवीस किलोमीटरांवरील कायथ्याची ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणण्याचे श्रेयही त्यांचेच.

वाकणकरांनी जे डोळ्यांनी केले, ते देवासला पंडित कुमार गंधर्वांनी कानांनी केले. १९४८ साली क्षयरोगाने ग्रासलेला हा तेवीस वर्षांचा गायक कोरड्या हवेसाठी माळव्यात आला. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली होती. पत्नी भानुमतीताई शुश्रूषा करीत होत्या आणि अंथरुणाला खिळलेले कुमारजी बाहेरून येणारी माळवी लोकगीते ऐकत होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झाले, प्रकृती सुधारली; तथापि एक फुप्फुस निकामीच राहिले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा त्यांच्या गाण्यात अंथरुणावर ऐकलेला माळवा होता. त्या लोकधुनांतूनच मालवती, लगनगंधार यांसारखे त्यांचे 'धुनउगम' राग जन्मले. औषधाने प्राण वाचवले हे आम्हां वैद्यकीय व्यावसायिकांना अभिमानास्पद खरेच. पण त्या सक्तीच्या मौनात त्यांनी जे ऐकले, ते कोणत्याही औषधाने दिले नसते.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वी माधव नगरातील माझ्या दवाखान्यात खेड्यातली एक आजी तापाने फणफणलेल्या नातवाला मांडीवर घेऊन आली होती. ती हलक्या आवाजात माळवी अंगाईगीत गात होती. स्टेथोस्कोप लावताना मी म्हणालो, "माँजी, जरा चुप रहो." ती चपापून थांबली. तपासणीपुरते ते आवश्यकच होते; पण तपासणी संपल्यावर "आता गा" असे म्हणायला मी विसरलो. बाहेर रांग होती. मी बाळाची फुप्फुसे ऐकली, गाणे ऐकले नाही. बाळ बरे झाले. ती आजी पुन्हा आली नाही. गाण्याचे शब्दही मला ठाऊक नाहीत.

आज माझ्याकडे येणारी बहुतेक बाळे मोबाईलच्या पडद्याकडे पाहत शांत होतात. माळवी अंगाईगीतांबरोबर आपल्या मराठी घरांतील ओव्या आणि पाळणेही विरत चालले आहेत. गुहेतील रेषा हजारो वर्षे टिकली, कारण ती खडकावर होती. आजीचे गाणे केवळ श्वासावर असते.

म्हणून हल्ली बाळाचे वजन व लसीकरण नोंदवल्यावर मी आजीला एक जादा प्रश्न विचारतो : "बाळ कोणत्या गाण्याने झोपते?" उत्तर एका वहीत उतरवून ठेवतो. आपल्या मंडळातील प्रत्येक दवाखान्यात अशी एक वही असावी, एवढीच विनंती.