परक्या वाद्यवृंदाचे आपले चाहते

कामगार संघटनेत ज्याचे आयुष्य गेले त्या माणसाने हॉलंडच्या एका वाद्यवृंदाविषयी बोलावे, हे विषयपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मलाही आले असते. परंतु ह्या विषयाकडे मी आलो तो एका भांडणाच्या वाटेने, आणि भांडण मिटविणे हा माझा धंदाच आहे.

आमच्या खांदा कॉलनीतल्या इमारतीत तळमजल्यावर चार मुले संध्याकाळी वाद्ये वाजवितात. त्यांतील दोघे तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला आहेत. पाळी सुटली की ती गिटार आणि ढोल घेऊन बसतात. वरच्या मजल्यावरील मंडळींनी तक्रार केली, सभा बोलावली गेली, आणि 'हा परदेशी धिंगाणा बंद करा' असा ठराव येण्याची वेळ आली. मला मध्यस्थ नेमले. मी मुलांना विचारले, 'हे तुम्ही वाजविता तरी काय?' उत्तर आले, 'काका, फोकस.' हे नाव मी तीस-पस्तीस वर्षांनी ऐकत होतो.

१९९० च्या सुमारास मी एका रसायन कारखान्यात नवखा कामगार होतो. खोलीतल्या सोबत्याजवळ एक जुनी कॅसेट होती, इतकी वाजविलेली की फीत बाहेर यायची आणि आम्ही पेन्सिल घालून ती आत गुंडाळायचो. त्यात फोकस होते. जाता जाता सांगतो, ही कॅसेट नावाची वस्तूही हॉलंडच्याच फिलिप्स कंपनीची. लू ऑटेन्स ह्या अभियंत्याच्या पथकाने ती १९६३ साली जगापुढे आणली. महागडी तबकडी ज्यांना परवडत नव्हती त्यांचा संगीताशी संबंध ह्या बोटभर रुंदीच्या डबीने जोडला. सोबती म्हणाला, 'एकदा नुसता ढोल ऐक. दुसऱ्यांदा नुसती गिटार. मग सगळे एकत्र ऐक.' ऐकण्याचे माझे शिक्षण झाले ते एवढेच. पुढे शास्त्रीय गाण्याच्या बैठकींतही तेच उपयोगी पडले.

आता हा वाद्यवृंद कोणता, ते सांगतो. फोकसची स्थापना १९६९ साली ॲम्स्टरडॅममध्ये झाली. ऑर्गन आणि बासरी वाजविणारा थाइस फान लेअर, गिटारवादक यान आकरमान, आणि ढोलावर पुढे आलेला पियर फान डर लिंडेन, ही त्यातील मुख्य नावे. आरंभी ही मंडळी 'हेअर' ह्या संगीत नाटकाच्या डच प्रयोगांत साथीला बसत. आपल्याकडचे किती तरी मोठे वादक नाटक मंडळीत ऑर्गन-तबल्याच्या साथीवर दिवस काढीत, त्याचीच ही डच आवृत्ती म्हणा ना!

त्यांच्या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. 'प्रगतिशील' हा शब्द ऐकून माझ्यासारख्याचे कान टवकारतात. पण इथे त्याचा राजकारणाशी संबंध नाही. रॉक म्हणजे विजेच्या गिटारीचे, ठसक्याच्या ढोलाचे तरुणांचे गाणे. ते साधारण तीन मिनिटांचे असे, कारण लहान तबकडीवर तेवढेच मावे. मोठी तबकडी आली, तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, तेव्हा काही वादकांनी विचार केला की एवढी जागा आहे तर एकच मोठी रचना का बांधू नये? तिच्यात युरोपच्या अभिजात संगीताची बांधणी का आणू नये? फोकसच्या १९७१ च्या 'मूव्हिंग वेव्ह्‌ज' ह्या तबकडीची सगळी दुसरी बाजू 'इरप्शन' ह्या एकाच रचनेने व्यापली आहे, आणि तिला आधार आहे तो मेलेल्या पत्नीला परत आणण्यासाठी पाताळात उतरणाऱ्या ऑर्फियसच्या ग्रीक कथेचा. १९७४ च्या 'हॅम्बर्गर कॉन्चेर्टो'त तर ब्राम्स ह्या जर्मन संगीतकाराची छाया उघड आहे.

परंतु चाहते जमले ते 'होकस पोकस'मुळे. ही रचनाही १९७१ चीच. तिची बांधणी आपल्या माणसाला समजायला मुळीच अवघड नाही. भजनात ध्रुपद फिरून फिरून येते आणि मध्ये कडवी येतात. त्याप्रमाणे इथे गिटारीची एक जोरकस ओळ ध्रुपदासारखी परत परत येते, आणि मधल्या प्रत्येक जागेत काही तरी निराळे घडते. एकदा बासरी, एकदा शीळ, एकदा ढोलाची एकट्याची झेप, आणि अनेकदा फान लेअरचा योडल. योडल म्हणजे आल्प्स पर्वतातील गुराख्यांची हाक. आवाज छातीतून एकदम वरच्या पट्टीत उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो. शब्द एकही नाही. ज्यांनी तराणा ऐकला आहे त्यांना शब्दांवाचून गाणे हे काही नवल नाही. आणि ज्यांचे बालपण कोकणात गेले त्यांनी डोंगरावरून घातलेला कुकारा ऐकलेला आहेच.

१९७३ साली हे गाणे अमेरिकेच्या खपाच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचे 'सिल्व्हिया' चौथ्या क्रमांकावर होते. मग नेहमीचे झाले. १९७६ साली आकरमान बाहेर पडला, आणि १९७८ साली कारभार आटोपला.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फान लेअरचा सावत्र मुलगा बॉबी जेकब्स ह्याने फोकसचीच गाणी वाजविणारा एक वाद्यवृंद काढला होता, आणि त्याचे नावही 'होकस पोकस' ठेवले होते. ते ऐकून फान लेअर त्यांतच सामील झाला, आणि २००२ साली तोच वाद्यवृंद फोकस ह्या नावाने नवी तबकडी घेऊन उभा राहिला. म्हणजे टाळकऱ्यांनी बुवांना पुन्हा उभे केले! नंतर फान डर लिंडेनही परत आला. २०१७ च्या 'बेबी ड्रायव्हर' ह्या चित्रपटात ते जुने गाणे वाजले, आणि आमच्या तळमजल्यावरच्या मुलांपर्यंत ते पोहोचले ते ह्याच वाटेने.

आता आपल्या मुंबईकडे वळू. सत्तरीच्या दशकात मुंबईत असे वाद्यवृंद नव्हते काय? चांगले होते. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केले, आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' ह्या क्लबात वाजविले. १९७४ साली अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईच्या रंगमंचावर आणले. त्यात ज्युडास होता नंदू भेंडे, म्हणजे आपल्या आत्माराम भेंडे यांचा मुलगा. 'व्हेल्व्हेट फॉग' ह्या वाद्यवृंदातही तो गात असे. ज्या घरात मराठी फार्स वाढला त्याच घरात हे रॉकही वाढले, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

'ॲटॉमिक फॉरेस्ट' नावाचा वाद्यवृंद होता. त्याने १९७७ साली 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी मुद्रित केली, आणि ती बाहेर पडली १९८१ साली, वाद्यवृंद मोडल्यावर! कारखान्याने माल तयार करावा आणि कारागिरांना घरी पाठविल्यावर तो बाजारात आणावा, तसे हे झाले. पुढे परदेशातल्या संग्राहकांनी ती तबकडी शोधून काढली, आणि २०११ साली अमेरिकेतील एका कंपनीने ती पुन्हा प्रसिद्ध केली.

असे का व्हावे? आपले वादक कमी प्रतीचे होते असे मला वाटत नाही. माझ्या मते दोष बराचसा आम्हा ऐकणाऱ्यांकडे जातो. इथल्या वादकाकडून आम्हांला इंग्रजी तबकडीची हुबेहूब नक्कल हवी असे. त्याची स्वतःची चाल आली की आम्ही चहाला उठत असू. नक्कल वाईट असे मी म्हणणार नाही, कारण फोकस नकलेनेच जिवंत झाले. परंतु जेकब्सला नक्कल करायला तबकड्या हाताशी होत्या. आमच्या पोरांनी मुंबईच्या वाद्यवृंदांची नक्कल करायची म्हटले तर ती कशावरून करावी? तबकडीच वेळेवर निघाली नाही.

ह्याला एक अपवाद सांगण्यासारखा आहे. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिले, जब्बार पटेल यांनी ते थिएटर ॲकॅडमीतर्फे बसविले, आणि संगीताला भास्कर चंदावरकर व आनंद मोडक यांच्याबरोबर नंदू भेंडे होते. त्यांनी त्यात कामही केले. लावणी, नाट्यपद आणि रॉक एकाच रंगमंचावर, एकाच भाषेत नांदले. ते नाटक पाहिलेली माणसे आजही त्यातील चाली गुणगुणतात. नंदू भेंडे २०१४ साली गेले.

जागेचाही प्रश्न आहेच. धोबी तलावाजवळचे उघडे रंगभवन हे ह्या संगीताचे मुंबईतील घर होते. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा मेळावा तिथे वर्षानुवर्षे भरे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले, आणि रंगभवनाचा आवाज बंद झाला. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाला झोप हवीच. पण बंद केलेल्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा द्यावी लागते, हे आम्ही संघटनेत पहिल्या दिवशी शिकतो. काळा घोड्याचे 'ऱ्हिदम हाऊस' हे तबकड्यांचे दुकानही २०१६ साली मिटले.

आमच्या इमारतीतला तंटा मी ह्याच तत्त्वावर सोडविला. वाजविण्याची वेळ सायंकाळी साडेपाच ते साडेसात. ढोलावर जाड कापड. परीक्षेच्या महिन्यात पूर्ण सुटी. आणि गणेशोत्सवात एक संध्याकाळ मुलांची. दोन्ही पक्षांनी सह्या केल्या. सध्या 'होकस पोकस' बसविणे चालू आहे. ढोल जमला, गिटार बरीचशी जमली. बासरीसाठी शेजारच्या सेक्टरमधला भजनी मंडळातला एक मुलगा येतो. योडल मात्र कुणालाच जमेना. शेवटी महाडकडच्या एकाने वैतागून तिथे सरळ कुकारा घातला, आणि चौघांनाही तो पसंत पडला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई, ज्यांची तक्रार पहिली होती त्या, जिन्यात मला अडवून म्हणाल्या, 'काल कुणाचं गुरू हरवलं होतं हो? आमच्या गावाकडे अस्साच कुकारा घालीत.'