पन्नास खाटांची अट

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराचा. घाटघर, रतनवाडीकडचा गंभीर रुग्ण आधी राजूरला उतरवायचा, तिथून अकोले, तिथूनही पुढे पाठवायची वेळ आली तर संगमनेर. जिल्हा रुग्णालय तर अहिल्यानगरला, शंभराहून अधिक किलोमीटरांवर. आवणीत साप चावलेला शेतकरी, अडलेली बाळंतीण, क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडलेला मजूर, साखर वाढलेली आजी, या सगळ्यांना तपासणारा डॉक्टर इथं अनेकदा एकच असतो. त्याला हे सारं एकत्र शिकवणारं शास्त्र म्हणजे फॅमिली मेडिसिन. त्यासाठी तीन वर्षांची डीएनबी ही पदव्युत्तर पात्रता आहे, २०२० पासून दोन वर्षांची पदविकाही आहे.

मला मात्र गुंतवून ठेवलं ते २०२० सालच्याच जिल्हा निवासी योजनेनं. एमडी, एमएसच्या विद्यार्थ्यानं तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात काम करायचं. तिची आर्थिक रचना साधी आणि शहाणी आहे. विद्यार्थी जिल्ह्यात गेला तरी त्याचं विद्यावेतन थांबत नाही. जिल्ह्यातून हजेरी कळवायची, त्यावर मूळ महाविद्यालय पूर्ण रक्कम देतं. रुग्णालयाला नवं पद मंजूर करून घ्यावं लागत नाही. फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना याच रीतीनं ग्रामीण रुग्णालयात पाठवता आलं, तर त्या लहान रुग्णालयावर पगाराचा बोजा न टाकता तिथं शिक्षण उभं राहील.

अडतं ते दारातच. योजनेत सहभागी रुग्णालयाला आधी किमान १०० खाटांची अट होती, २०२३ मध्ये ती ५० वर आली. ग्रामीण रुग्णालयाचा निकष मात्र ३० खाटांचा. म्हणजे जिथं सगळ्या प्रकारचे रुग्ण एकाच ओपीडीत येतात, नेमका तोच स्तर बाहेर राहतो.

अट उतरली तरी शिकवणार कोण? वैद्यकीय अधीक्षकाच्या वाट्याला रुग्ण, शवविच्छेदन, बैठका, अहवाल. अध्यापनाचे तास त्याच्या कामात धरलेले नाहीत आणि त्यांचा मोबदलाही नाही. निवासी डॉक्टरला, विशेषतः तरुणीला, राहायला सुरक्षित खोली हवी. शिक्षकाशिवाय आलेला विद्यार्थी म्हणजे रात्रपाळीला मिळालेला स्वस्त हात. त्यात त्याचंही नुकसान आणि रुग्णाचंही.

याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. गाव हीच शाळा होऊ शकते, हे तिथं सिद्ध झालं आहे. तेव्हा लोणीसारख्या ठिकाणचं महाविद्यालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालय मिळून एकच प्रशिक्षण केंद्र मानावं. खाटा तिघांच्या मिळून मोजाव्यात आणि शिकवणाऱ्या डॉक्टरचे तास अंदाजपत्रकात वेगळे लिहावेत. अंदाजपत्रकात ती ओळ आल्याशिवाय अकोल्यात डॉक्टर बदलीवर येत राहतील, घडणार मात्र नाहीत.