१०८ वर लागायचंय? आधी हे वाचा

'बारावी सायन्स झालं, नर्सिंगला नंबर लागला नाही, आता १०८ वर लागू काय?' दर जून-जुलैत गावाकडची दोन-चार पोरं-पोरी मला हे विचारतातच. मी बेळगाव भागात रुग्णवाहिकेवर काम करतो. दरवेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, नुसती बारावी बहुतेक ठिकाणी पुरत नाही. नर्सिंग, सायन्सची पदवी किंवा आरोग्याचा एखादा डिप्लोमा मागतात, आणि त्यावर काही आठवड्यांचं प्रशिक्षण देतात. आता २०२१ च्या केंद्रीय कायद्यात पॅरामेडिकचं नाव आलंय. त्यात अभ्यासक्रमाच्या वर्गाप्रमाणे किमान २००० किंवा ३६०० तासांचं शिक्षण धरलंय. म्हणजे यापुढं घाईचा मार्ग शोधण्यापेक्षा डिप्लोमा किंवा पदवी केलेली बरी.

दुसरी गोष्ट आपल्या सीमेची. १०८ सुरू झाली हैदराबादेत, १५ ऑगस्ट २००५ ला. गोव्यात आणि कर्नाटकात २००८ मध्ये आली, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. महाराष्ट्रानं गाडीतच डॉक्टर ठेवला. आमच्या बाजूला गाडीत तंत्रज्ञ किंवा नर्स असते आणि डॉक्टर फोनवर. शिनोळीच्या अलीकडं आणि पलीकडं रस्ता तोच, रुग्णही तसाच, पण गाडीत कोण असतं ते बदलतं. त्यामुळं इकडं काम करायचं तर समोर काय दिसतंय ते फोनवर चार वाक्यांत नीट सांगता आलं पाहिजे. वय, त्रास कधीपासून, नाडी, बीपी, ऑक्सिजन. रडवेल्या आवाजात 'सर, लई सिरीयस आहे' म्हणून भागत नाही.

वर्गात पहिल्याच दिवशी सर म्हणाले, 'उद्या सीपीआर.' निपाणीचा एक पोरगा म्हणाला, 'कोल्हापूरला जायचं काय सर?' सगळे हसले, पण त्याची काय चूक? आपल्याकडं सीपीआर म्हणजे कोल्हापूरचा छत्रपती प्रमिलाराजे दवाखाना. दुसऱ्या दिवशी पुतळ्यावर शिकलो: छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तीस दाबांमागं दोन श्वास. दोन मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून माणूस बदलायचा. पुतळ्याला बरगड्या नसतात, हे मात्र कोण सांगत नाही. पहिल्या खऱ्या वेळी तळव्याखाली कट्ट झालं आणि माझे हात थांबले. आमचा पायलट (१०८ वर ड्रायव्हरला पायलट म्हणतात) मागून ओरडला, 'दाबत ऱ्हा!' तोच बरोबर होता. बरगडी जुळते.

हाताचं काम असं चार-सहा महिन्यांत येतं. जागेवर कधी थांबायचं आणि कधी पळायचं, हे कळायला त्याहून वेळ लागतो. आणि लोकांशी भांडणंही यावरूनच होतात.

हृदय बंद पडलेल्या माणसाला आम्ही घरातच खाली झोपवून छाती दाबायला लागतो, तेव्हा नातेवाईक अंगावर येतात. 'आधी गाडीत घाला की! हितं काय करालाय?' त्यांचंही चुकत नाही, घरचं माणूस पडलेलं असतं. पण धावत्या गाडीत, चोर्ल्याच्या वळणांवर, दाब नीट बसत नाहीत. पहिली मिनिटं जमिनीवरच मोलाची असतात. बाळंतपणाचंही तसंच. बाळाचं डोकं दिसायला लागलं की गाडी बाजूला घ्यायची. बाळाला पुसून कोरडं करायचं, आईच्या छातीवर द्यायचं, नाळेला दोन जागी चिमटे लावून मधे कापायचं, आणि वार ओढायची नाही. ओढायचा मोह होतो, कारण दवाखाना लांब आणि मागं सासू म्हणत असते, 'वार पडली नाही अजून.'

उलट सर्पदंश, पक्षाघात, छातीत दुखणं यांत जागेवर घालवलेलं प्रत्येक मिनिट वाया. साप चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हातपाय हलू न देता निघा. लस दवाखान्यातच मिळते. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, म्हणून 'तोंड वाकडं कधी झालं?' यापेक्षा 'शेवटचं चांगलं कधी बघितलं?' हे विचारायचं.

हे मला पुस्तकातनं पाठ होतं. तरी दुसऱ्याच महिन्यात चुकलो. पन्नाशीचे मामा, शेतातनं आलेले, अंगणात बाजेवर बसलेले. 'गॅस झालाय, सोडा प्यालो की बसतंय.' बीपी ठीक निघालं. घरचे म्हणाले, दहा मिनिटं बघूया. मी बघितलं. पायलटनं माझा दंड धरून हळूच सांगितलं, 'घाम बघ त्येंचा.' डिसेंबरची पहाट होती आणि बनियन पिळून काढावी इतकी ओली. फोनवरच्या डॉक्टरांनी गोळी चावायला द्यायला सांगितली आणि आम्ही निघालो. ती दहा मिनिटं माझी.

विचारण्याची भाषाही इथं वेगळीच लागते. 'वेदना होतात का' म्हटलं की आज्जी नाही म्हणते, 'दुखालंय काय' म्हटलं की हात छातीवर जातो. कानडी वर्गात 'नोवु' शिकलो, गावात सगळे 'ब्यानी' म्हणतात. गोव्याकडचा रुग्ण असला तर 'खंय दुखता?' एवढ्यानं चेहरा सैल होतो.

घरच्यांसाठी एक सांगतो. सीमेवर मोबाइल कधी पलीकडच्या टॉवरला लागतो आणि फोन दुसऱ्याच राज्यात जातो. म्हणून आधी राज्य, जिल्हा, तालुका आणि मग गाव सांगा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात काही वाड्यांपर्यंत गाडी पोचत नाही. तिथं रुग्णाला कुठल्या फाट्यापर्यंत आणता येईल ते फोनवरच ठरवा.

पाळी बहुधा बारा तासांची. पगार आणि कंत्राट यांचं विचारून घ्या, सही करण्याआधी.

आणि त्या मामांचं काय झालं, हे मला माहीत नाही. दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं, कागदावर सही मिळाली, तोवर पुढची केस आली. पायलटनं गाडी वळवली, मी चादर बदलली.