पहिल्या दोन सेकंदांचे सार्वभौमत्व

बंगळुरू : मंत्रालयातील वा दिल्लीतील एखाद्या भवनातील कक्ष अधिकारी सकाळी संगणकाची कळ दाबतो. पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते आणि मग ओळखीची प्रणाली सुरू होते. ती सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत यंत्राचा ताबा वेगळ्याच प्रोग्रॅमकडे असतो. मुख्य सर्किट बोर्डावरील छोट्या चिपमध्ये बसविलेल्या या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. जुनी मंडळी त्याला ‘बायोस’ म्हणून ओळखतात. मेमरी जागी करणे, कीबोर्ड आणि डिस्क तपासणे आणि सूत्रे मुख्य प्रणालीच्या हाती देणे हे त्याचे काम. त्याच्यात कोणी लबाडी पेरली, तर पुढचा सारा बंदोबस्त व्यर्थ ठरतो.

ही भीती काल्पनिक नाही. ‘लोजॅक्स’ नावाचा घातक प्रोग्रॅम २०१८ मध्ये उघडकीस आला. बाल्कन प्रदेश आणि मध्य व पूर्व युरोपातील सरकारी संस्था हे त्याचे लक्ष्य होते. त्याने थेट फर्मवेअरच्या चिपमध्ये ठाण मांडले होते; हार्ड डिस्क बदलली तरी तो जात नसे.

आपल्याकडील धोरणांचा रोख मात्र वरच्या मजल्यांवर आहे. केंद्राने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ ही उबुंटूवर आधारलेली प्रणाली आणली. शेजारी देशांतील पुरवठादारांवर २०२० मध्ये खरेदी नियमांतून निर्बंध आले. प्रणाली कोणाची आणि विक्रेता कोणत्या देशाचा, याची चौकशी झाली. तळमजल्यावरची किल्ली कोणाकडे, हे कोणी विचारले नाही. उलट कित्येक सरकारी निविदांत बायोस हा उत्पादक कंपनीच्याच स्वामित्वहक्काचा असावा, अशी अट आढळते. हेतू वाईट नाही. गल्लीत जोडलेली यंत्रे ब्रँडेड म्हणून गळ्यात मारली जाऊ नयेत, एवढाच असावा. परंतु परिणाम असा की मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारे शासन यंत्राच्या पहिल्या प्रोग्रॅमबाबत बंद पेटीचाच आग्रह धरते.

पर्याय मात्र पाव शतकापासून उपलब्ध आहे. अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी १९९९ मध्ये ‘लिनक्सबायोस’ सुरू केले. शेकडो यंत्रे जोडून महासंगणक उभारायचा आणि प्रत्येक यंत्राने कीबोर्ड नाही म्हणून अडून बसायचे, हा जाच संपविणे ही त्यामागची अगदी व्यावहारिक गरज होती. २००८ मध्ये त्याचे नाव ‘कोअरबूट’ झाले. यंत्र जागे करण्यापुरते किमान काम करून बाजूला व्हायचे, ही त्याची रीत. त्याचा स्रोत कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. गूगलने आपल्या क्रोमबुकसाठी तेच स्वीकारले, त्यामुळे ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही अशा असंख्य विद्यार्थ्यांची यंत्रे रोज त्याच्यावरच सुरू होतात.

आणि येथेच बंगळुरूचा संबंध येतो. सर्जापूर रस्ता, बाह्य वळणरस्ता या पट्ट्यातील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कचेऱ्यांत बसून भारतीय अभियंते गेली अनेक वर्षे कोअरबूटमध्ये भर घालत आहेत. येथील सुब्रत बनिक यांनी व्हिन्सेंट झिमर यांच्यासह लिहिलेला फर्मवेअरवरील ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्या-सोलापुराकडून, बेळगावाकडून या शहरात आलेल्या मराठी तरुणांना हे क्षेत्र परके नाही. गंमत अशी की कौशल्य आपले, कचेरी आपल्या भूमीवर; परंतु कोणत्या यंत्रासाठी लिहायचे हे ठरते कॅलिफोर्नियात. भारत सरकार ग्राहक म्हणून या दारात कधी उभेच राहिले नाही.

अर्थात, कोअरबूट म्हणजे रामबाण नव्हे. इंटेलच्या आधुनिक प्रोसेसरवर मेमरी जागी करणारा भाग कंपनी बंद स्वरूपातच देते. शिवाय ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा स्वतंत्र छोटा संगणक चिपसंचातच बसलेला असतो. पूर्णतः मुक्त फर्मवेअर हवे असणाऱ्यांना आजही बव्हंशी जुन्या थिंकपॅडकडे वळावे लागते. मंत्रालये काही जुन्या लॅपटॉपवर चालणार नाहीत!

तरीही काहीच करता येणार नाही, हे मान्य करण्याजोगे नाही. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या बाबतीत केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षा निकष अधिसूचित केले आणि वर्षभराने ते लागू झाले. उत्पादकांना हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि स्रोत मान्यताप्राप्त प्रयोगशाळांपुढे तपासणीस ठेवणे भाग पडले. दारावरच्या कॅमेऱ्याला जो नियम, तो दाराआडच्या टेबलावरील संगणकाला का नसावा? मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे स्वदेशी प्रोसेसर खुल्या आराखड्यावर उभे आहेत. तेथे फर्मवेअर आरंभापासून खुले ठेवता येईल. पण ते कचेऱ्यांतील टेबलांवर येण्यास अवकाश आहे. तोवर निविदेतील स्वामित्वहक्काची ती एक ओळ खोडून तिच्या जागी तपासणीची अट घालता येते, आणि त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. निविदेचा मसुदा तयार करणाऱ्या अधिकाऱ्याची लेखणी पुरते.