म्हैस, ट्रम्पेट आणि पंक

‘पंक’ हा शब्द आम्हाला शाळेत संस्कृतच्या तासाला भेटला. पंक म्हणजे चिखल, आणि त्यात जन्मते ते पंकज. त्यामुळे माझ्या पुतणीच्या मुलीने गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर जाहीर केलं, की ‘आबा, आम्ही एका पंक बँडचा म्युझिक व्हिडिओ करतोय,’ तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चिखलात उभी असलेली बँडपार्टी आली. तसं बोलूनही दाखवलं. नात हसली नाही. म्हणाली, ‘फार चुकला नाहीत तुम्ही.’

ती पुण्याच्या एका महाविद्यालयात जनसंज्ञापन शिकते. सत्राच्या शेवटी प्रत्येक गटाला एक लहानशी फिल्म करून द्यायची असते. हिच्या गटाने आपल्याच महाविद्यालयातल्या चार पोरांचं गाणं निवडलं. गिटार वाजवणारा शिरूरचा, वडील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. बास वाजवणारा दौंडचा, तीन पिढ्या रेल्वेतल्या. गाणं होतं मुलाखत घेऊन ‘कळवतो’ म्हणणाऱ्या आणि कधीच न कळवणाऱ्या साहेबांविषयी. चित्रीकरण त्या दोघांच्या गावी, म्हणजे शिरूर आणि दौंडला करायचं ठरलं होतं. आणि मी? बँकेच्या नोकरीत या दोन्ही गावी वर्षानुवर्षं काढलेली, तेव्हा ओळखीपाळखी माझ्या. शिवाय अर्ज छान लिहितो, अशी घरात ख्याती. एकूण, मला कामाला लावण्यात आलं.

आमच्या पिढीचा म्युझिक व्हिडिओशी परिचय झाला तो 1995 साली. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ लागलं की घरातल्या तरुण मुली मिलिंद सोमण पाहायला धावत. राजवाडा, हत्ती, झगमगाट. म्युझिक व्हिडिओ म्हणजे श्रीमंती थाट, हे तेव्हापासून मनात पक्कं बसलेलं. पंकवाल्यांचं नेमकं उलटं. ही मंडळी निघाली 1970 च्या दशकाच्या मध्याला, न्यूयॉर्क आणि लंडनमधून. त्यांचं म्हणणं साधं होतं : तीन सूर येत असतील तर तेवढ्यावर गाणं करा, रियाज पुरा होण्याची वाट पाहू नका, कोणा बड्या कंपनीच्या दाराशी बसू नका. ‘रामोन्स’ या न्यूयॉर्कच्या बँडने 1976 साली पहिली तबकडी काढली. 14 गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च सुमारे 6,400 डॉलर. त्या काळच्या मोठ्या बँडांच्या मानाने हे म्हणजे रजिस्टर लग्न!

नातीने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, यात नवीन काय? आमच्याकडे साठच्या दशकात लघुअनियतकालिकं निघाली ती याच हट्टातून. अशोक शहाणे यांचं ‘असो’ 1963 चं. कोणी छापत नाही ना, मग आपणच छापू; चकचकीत कागद नाही, तर जो मिळेल तो. 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथरही उभी राहिली. रामोन्सच्या आधी चार वर्षं. सभ्य माणसांनी कानांवर हात ठेवावेत अशी भाषा मराठीने तेव्हाच ऐकली होती. नातीने वही काढली आणि ‘गोलपिठा’ हे नाव लिहून घेतलं. आजोबा झाल्यावर असे क्षण फार वाट्याला येत नाहीत.

तयारी सुरू झाली आणि माझ्यातला बँकवाला जागा झाला. गाणं 2 मिनिटं 10 सेकंदांचं, म्हणजे 130 सेकंद. सरासरी दोन सेकंदांना चित्र बदलायचं, म्हणजे 65 चित्रं. त्यासाठी कॅमेरा दहा ठिकाणी ठेवायचा आणि प्रत्येक ठिकाणी पूर्ण गाणं किमान दोनदा वाजवून घ्यायचं. नुसतं वाजवणंच 43 मिनिटं 20 सेकंद. पण दर वेळी कॅमेरा हलवणं, उजेड पाहणं, ड्रम उचलणं यात अर्धा तास जातो. तेव्हा एक अख्खा दिवस याच्यातच संपला. हा सगळा हिशेब मुलांनी तक्त्यात मांडला होता : कुठलं चित्र, कुठे, किती वाजता, कोणाची गरज, कोणतं सामान. इतकी नेटकी खतावणी माझ्या हाताखालच्या कारकुनांनीही कधी ठेवली नव्हती.

तंत्र मात्र आपल्या ओळखीचंच. हिंदी सिनेमात 1935 च्या ‘धूप छाँव’पासून जे चालत आलं, तेच पार्श्वगायन. गाणं आधी मुद्रित करायचं, चित्रीकरणाच्या वेळी ते कर्ण्यावर लावायचं आणि कलावंताने ओठ हलवायचे. एक गंमत मला नवी होती. चालणं संथ दिसावं, पण ओठ गाण्याशी जुळावेत असं हवं असेल, तर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि कॅमेरा सेकंदाला 25 ऐवजी 50 चौकटी टिपतो. दाखवताना 25 च्या गतीने दाखवलं की गाणं ठाकठीक आणि माणूस तरंगल्यासारखा. घोडनदीच्या काठावर कर्ण्यातून पोपटासारखा चिरका आवाज येतोय आणि एक दाढीवाला मुलगा जिवाच्या आकांताने तोंड हलवतोय, हे पाहायला धुणं टाकून बायका उभ्या राहिल्या होत्या.

(शिरूरला जुनी माणसं अजूनही ‘घोडनदी’च म्हणतात. नदीचंच नाव गावाला. पलीकडे गेलं की नगर जिल्हा.)

दौंडसाठी काय करावं, हे मुलांना सुचत नव्हतं. फलाटावर चित्रण करायला रेल्वेची लेखी परवानगी लागते आणि ती आदल्या दिवशी मागून मिळत नाही. ‘आबा, दौंडचं खास असं काय?’ नातीने विचारलं. मी सांगितलं, दौंडला इंजिन फिरतं. पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबे, पुढचं इंजिन काढून मागे लावत, आणि गाडी आली त्याच्या उलट तोंडाने निघे. झोपेतून उठलेला नवखा प्रवासी घाबरायचा, की गाडी परत पुण्याला निघाली! आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांना तो खटाटोप करावा लागत नाही. नात क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, ‘मिळालं.’ गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात. तोवर चौघं डावीकडून उजवीकडे चालत असतात, दारोदार. वाद्यं पुन्हा सुरू होताच सगळे उलट दिशेने चालू लागतात, साहेबांकडे पाठ करून. हे चित्रण स्टेशनबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर झालं. भिंतीपलीकडून इंजिनाची शिट्टी तेवढी फुकट मिळाली.

शिरूरहून न्हावरा, पारगाव, चौफुला असं करत दौंडला जाताना मुलांनी मला आणखी एक कथा ऐकवली. जमैकातून लंडनला आलेल्या आईबापांचा मुलगा, डॉन लेट्स. 1977 साली तो पंकवाल्यांच्या क्लबात तबकड्या लावायचा. हातात एक साधा सुपर-एट कॅमेरा आला, त्यावर तो समोरचं सगळं टिपत गेला. त्यातून 1978 साली ‘द पंक रॉक मूव्ही’ झाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, ‘द क्लॅश’ या बँडच्या ‘लंडन कॉलिंग’चं चित्रीकरण त्याने थेम्स नदीवर केलं. नावेत कॅमेरा आणि धक्क्यावर बँड. थेम्सला भरती-ओहोटी असते, हा हिशेबच त्याने धरला नव्हता. रात्र झाली, त्यात पाऊस. आज तो व्हिडिओ लोक आठवतात, तो त्या अंधारासाठी आणि पावसासाठीच.

आमच्या वाट्याला पाऊस आला नाही. आला तो एक प्रश्न, आणि तो तक्त्यात नव्हता.

शिरूरच्या दिवसासाठी मुलांनी एक गमतीचं चित्र योजलं होतं. पंकवाले चौघं पुढे आणि त्यांच्या मागे लग्नातली बँडपार्टी, लाल डगले, सोनेरी झालर, हातात ट्रम्पेट आणि क्लॅरोनेट. ‘बँड’ म्हटल्यावर गावात जे समजतात ते, आणि हे. प्रेक्षक हसतील असा अंदाज. मी एका बँडमास्तरांशी गाठ घालून दिली. मास्तर साठीचे, कपाळाला अष्टगंध, बोलणं हळू. त्यांनी आधी गाणं ऐकायला मागितलं. दोनदा ऐकलं. पायाने ठेका धरला. मग म्हणाले, ‘गाणं बरंय. ताशासारखं सरळ आहे. पण ताई, यात आमचं वाजवणं कुठंय?’

नातीने समजावलं, की गाणं मुद्रित झालंय, तुम्ही फक्त वाजवल्यासारखं करायचं.

‘म्हणजे आम्ही मागं उभं राहायचं, तोंडाला पितळ लावायचं, आणि आवाज तुमचा. वर लोकांनी आमच्या डगल्याला हसायचं.’ मास्तरांचा आवाज चढला नव्हता. ‘डीजे आल्यापासून निम्म्या तारखा गेल्या, ताई. राहिलंय ते वाजवणंच. खोटं नाही वाजवत आम्ही.’

मुलं वरमली. मीही मान खाली घातली, पण माझं कारण वेगळं होतं. ते सांगितलं नाही तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

1988 साली मी याच गावात कर्जविभागात होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. गरीब कुटुंबांना अनुदानासह कर्ज द्यायचं : म्हैस घ्या, शेळ्या घ्या, शिलाई यंत्र घ्या, किराणा टाका. एक तरुण आला. घरात बँडचा धंदा, वाद्यं भाड्याची. त्याला स्वतःचे दोन ट्रम्पेट आणि एक मोठा ढोल घ्यायचा होता. मी अठ्ठावीस वर्षांचा, नव्या शाईपेनाचा. शेरा लिहिला : ‘लग्नसराईचे चार महिने वगळता उत्पन्नाची शाश्वती नाही. प्रस्ताव योग्य वाटत नाही.’ म्हैस घेतोस का, मंजूर करतो, असंही वर सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘साहेब, म्हैस तरी बारा महिने दूध देती का?’

मी हसलो होतो. शाखेत पुढे कित्येक दिवस तो विनोद म्हणून चालला. त्याने म्हैस घेतली नाही. पुन्हा आलाही नाही.

मास्तरांच्या ओसरीवर मुलं बाहेर जाऊन कुजबुजत बसली. गिटारवाला शिरूरचा, त्याला हे अधिक लागलं असावं. त्याच्या आईवडिलांच्या वरातीत याच लोकांनी वाजवलं असेल. अर्ध्या तासाने मुलं आत आली. गाण्याचे शेवटचे तीस सेकंद त्यांनी मोकळे केले होते. ‘मास्तर, इथे तुम्ही वाजवा. खरं. आम्ही मुद्रित करून घेतो, आणि तोच आवाज लावतो.’ मी एवढंच म्हटलं, की खर्चाच्या तक्त्यात ‘वादकांचे मानधन’ हा रकाना उघडा आणि आकडा मास्तरांना विचारून लिहा. त्यासाठी भाड्याचा महागडा दिवा रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी अकरा वादक डगले घालून उभे राहिले. मास्तरांनी त्या तीन सुरांवर एक धून बसवली होती, वरातीतली आणि तरी वरातीतली नसलेली. नेमकी तेव्हा कर्ण्याची बॅटरी उतरली. मग मुद्रित गाणं राहिलं बाजूला, ड्रमवाल्याने काठ्या आपटून चार मोजले आणि पंधरा जणांनी एकत्र वाजवलं. संकलन करताना ओठ कुठेच जुळेनात, तेव्हा नातीने तिथे तोंडं दाखवलीच नाहीत. गालांचे फुगे, पितळेवरची बोटं, धुळीतले पाय दाखवले. मला विचाराल तर सगळ्या व्हिडिओत पाहावं असं तेवढंच आहे. बाकीचं, खरं सांगायचं तर, माझ्या कानांना अजूनही जड जातं. कोणी हसलं मात्र नाही.

व्हिडिओ पुरा झाल्यावर आम्ही शिरूरला मास्तरांकडे गेलो. घरातल्या टीव्हीला फोन जोडला, शेजारपाजारची पोरं जमली. शेवटी काळ्या पडद्यावर अकराही वादकांची नावं आली, प्रत्येकाच्या पुढे त्याचं वाद्य. मास्तरांनी ती पुन्हा लावायला सांगितली. चष्मा पुसून एकेक नाव मोठ्याने वाचलं. एका नावात वेलांटी चुकली होती, ती दाखवली. नातीने लगेच लिहून घेतली.

परतताना गाडीत नातीने विचारलं, ‘आबा, तुम्ही सांगितलेल्या त्या ट्रम्पेटवाल्याचं नाव काय होतं?’

माझा शेरा मला शब्दन् शब्द आठवतो. हस्ताक्षरही डोळ्यांसमोर आहे. नाव आठवत नाही. रांजणगाव मागे पडेपर्यंत मी आठवून पाहिलं.