प्लग बदलण्याआधी प्लग वाचा



उसाचे पान पिवळे पडले म्हणून जाणता शेतकरी लगेच युरियाचे पोते फोडत नाही. नत्र कमी पडले, चुनखडीच्या रानात केवडा पडला, की मुळाला हुमणी लागली, हे तो आधी बघतो. पान नुसते सांगते. दुखणे दुसरीकडे असते. पेट्रोलच्या गाडीतल्या प्लगचेही तसेच आहे. गाडी झटके देऊ लागली, सकाळी चालू होईना, अ‍ॅव्हरेज पडले, की आपण म्हणतो, "प्लग बदलून टाक." नवा प्लग बसला की चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच रडगाणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत. म्हणून काढलेला प्लग फेकून देण्याआधी तो वाचावा कसा, हे या लेखात सांगत आहोत.

आधी एक खुलासा. बऱ्याच सभासदांच्या दारात ट्रॅक्टर आहे. तो डिझेलचा असल्याने त्याला ठिणगीचा प्लग नसतोच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की त्या तापलेल्या हवेनेच डिझेल पेट घेते. काही डिझेल इंजिनांना हीटर प्लग असतो, पण तो थंड इंजिन चालू करताना फक्त ऊब देतो, ठिणगी देत नाही. तेव्हा येथे लिहिले आहे ते पेट्रोलची मोटार, मोटारसायकल आणि पेट्रोलवरचा फवारणी पंप यांच्यासाठी.

प्लगचे काम

प्लगला मधोमध एक दांडी असते आणि तिच्यावर झुकलेली दुसरी वाकडी दांडी. दोन्हींत फट असते, तिला गॅप म्हणतात. मधल्या दांडीभोवती चिनी मातीसारखा दिसणारा पांढरा भाग असतो. तो विजेला बाहेर पळू देत नाही. मोटारीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून वाढून पंधरा-वीस हजार व्होल्ट, प्रसंगी त्याहूनही जास्त होतात आणि ही फट ओलांडतात. तीच ठिणगी. मोटारीचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटाला १५०० वेळा पेट्रोल पेटवावे लागते.

प्लगच्या टोकाला ठरावीक उष्णता लागते. साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याहून थंड राहिला तर काजळी साचते. साधारण ८५० अंशांच्या वर गेला तर ठिणगीची वेळ होण्याआधीच लाल टोकाने पेट्रोल पेटते आणि पिस्टनला धोका होतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जशी आच बेताची लागते, तसेच हे.

म्हणून कंपन्या गरम आणि थंड असे निरनिराळे प्लग करतात. आटे तेच, लांबी तीच, दिसायला सारखे. पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद वेगळी. ती प्लगवरच्या नंबरात असते आणि इथेच घोटाळा होतो. एनजीकेच्या नंबरात आकडा मोठा तर प्लग थंड. बॉशच्या नंबरात उलट, आकडा मोठा तर प्लग गरम. (आपल्याकडे ज्याला अजून 'मायको'चा प्लग म्हणतात, त्या बंगलोरच्या कंपनीचे नाव २००८ साली बॉश लिमिटेड झाले.) "बसतोय ना, मग चालतंय की" हे येथे चालत नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेला नंबरच मागावा.

प्लग काय सांगतो

गाडी दहा-पंधरा किलोमीटर नीट चालवून बंद करावी, इंजिन थंड होऊ द्यावे आणि मग प्लग काढून पाहावा. दारात उभी करून नुसती घुरघुरत ठेवलेली गाडी चांगला प्लगही काळा दाखवते.

(१) फिकट तपकिरी किंवा करडा रंग : सगळे ठीक आहे. दांडीची टोके झिजून गोल झाली नसतील तर प्लग परत बसवावा.

(२) कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर बघावा. हंगामात गाडीवाटेची धूळ आणि पाचटाचा भुसा यांनी तो चोंदलेला असतो. जुन्या गाडीत चोक अडकला आहे का, तेही पाहावे. रोज दोन-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही असा प्लग निघतो.

(३) ओला, तेलकट काळा : ऑइल वर चढते आहे. रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असतील. टू-स्ट्रोक फवारणी पंपात पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले असेल. वास नुसत्या पेट्रोलचा येत असेल, तर ठिणगीच पडत नाही किंवा पेट्रोल फार येते आहे.

(४) पांढराफटक, फोड आलेला : इंजिन जादा तापते आहे. प्लग चुकीचा, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, टायमिंग बिघडलेले किंवा रेडिएटरचे पाणी कमी, यांपैकी काहीतरी असते. हा प्लग पाहून तर गाडी पुढे दामटूच नये.

चार सिलिंडरच्या गाडीचे चारही प्लग क्रमाने ओळीत मांडावेत. चारही काळे असतील तर दोष सामाईक आहे, म्हणजे हवेचा किंवा पेट्रोलचा. तीन तपकिरी आणि एकच काळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा. मग तो प्लग शेजारच्या सिलिंडरला बसवून पाहावा. मिसिंग प्लगबरोबर शेजारी गेले तर प्लग खराब. जागच्या जागी राहिले तर प्लग निर्दोष. कॉइल, वायर किंवा त्या सिलिंडरची तपासणी करावी. नव्या चार प्लगांचा खर्च या एका अदलाबदलीने वाचू शकतो.

काढणे आणि बसवणे

इंजिन थंड असतानाच हात घालावा. प्लगच्या खळग्यातली धूळ आधी हवेने उडवावी, नाहीतर तीच आत सिलिंडरमध्ये पडते. वायरींवर खुणा करून ठेवाव्यात, अदलाबदल झाली तर गाडी चालणार नाही. गॅप फिलर गेजने मोजावा. तो गाडीगाडीप्रमाणे वेगळा असतो. पुस्तकात दिलेला धरावा. कमी-जास्त करायचा तर फक्त वाकडी दांडी हलवावी, मधल्या दांडीला जोर लावू नये. साध्या प्लगची काजळी मऊ पितळी ब्रशने काढता येते, मात्र इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या प्लगला तारेचा ब्रश लावू नये. त्याचे टोक अगदी बारीक असते.

बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरवावेत. जड लागले तर काढून पुन्हा सरळ धरावा. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकला की पान्याने साधारण अर्धा ते दोन तृतीयांश वळसा पुरे. तोच जुना वॉशर असेल तर वळशाचा बारावा भाग. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. जोर केला आणि आटे गेले, तर प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च.

चालू इंजिनावरची प्लगची टोपी ओढून ठिणगी बघण्याची जुनी सवय आता सोडावी. शॉक जबर बसतो, जवळ पेट्रोल असले तर भडका उडतो आणि हल्लीच्या गाड्यांची कॉइल त्याने जळू शकते.

इथेनॉल आणि प्लग

हा विषय आपल्या घरचा आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला आपल्या राज्यासह काही राज्यांत २००३ साली सुरुवात झाली. देशाने २०२२ साली १० टक्क्यांचा आणि २०२५ साली २० टक्क्यांचा टप्पा गाठला. यातले बरेच इथेनॉल उसाचे आहे, म्हणजे आपल्या घामाचे. "इथेनॉलने प्लग जातात" असे पारावर ऐकू येते. आपला माल आहे म्हणून दोष झाकू नये आणि लोक बोलतात म्हणून नसलेला दोष मानूही नये.

इथेनॉल स्वच्छ जळते, त्याने काजळी वाढत नाही. मात्र तीन गोष्टी खऱ्या आहेत. एक, लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे उतरते. त्यासाठी प्लग बदलून उपयोग नाही. दोन, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. नवी इंजेक्शनची गाडी आपल्या मर्यादेत मिश्रण जुळवून घेते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ते जमत नाही आणि तिचा प्लग पांढरट दिसू शकतो. अशी गाडी फिटरकडून ट्यून करून घ्यावी, रबरी पाइपही तपासावेत. तीन, इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळे बसते आणि इंजिन आधी तेच ओढते. मग कितीही प्लग बदलले तरी इंजिन चालू होत नाही. टाकी रिकामी करून कोरडी करणे हाच उपाय. फवारणी पंप काम संपल्यावर महिनोन् महिने पडून राहतो, म्हणून ठेवण्याआधी टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

दुर्लक्षाची किंमत

मिसिंग करणारी गाडी तशीच हाकली, तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो तापून निकामी होतो. त्याची किंमत डझनावारी प्लगांहून अधिक. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. पैशापलीकडचेही आहे. रात्री घरच्या माणसाला दवाखान्यात न्यायचे असते, तेव्हा गॅरेज उघडे नसते.

साधे प्लग मोटारीत साधारण २० ते ४० हजार किलोमीटर, तर इरिडियमचे लाखाच्या आसपास टिकतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला धरावा. प्लग बदलल्याची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. गाडीत योग्य नंबरचा एक जादा प्लग आणि प्लग पाना असू द्यावा. फिटरकडे जाताना काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदात गुंडाळून न्यावेत. "नवे टाका" असे न सांगता "हे बघा आणि दुखणे कुठे आहे ते सांगा" असे म्हणावे. चांगला फिटर असेल त्याला हा प्रश्न आवडेल.