चिखलातली सायकल शर्यत : फ्रेम घेताना आधी मुलाचे माप घ्या

वस्तीतली मुले रविवारी सकाळी सायकली घेऊन आरेकडे, बोरिवलीच्या नॅशनल पार्ककडे निघतात. त्यांतल्या कुणाला शर्यतीची हौस लागली की घरात पहिला प्रश्न येतो पैशाचा. आमचे म्हणणे असे, की पैशाआधी मापाचा प्रश्न विचारा. चुकीच्या मापाची सायकल स्वस्त मिळाली तरी तिची किंमत गुडघा आणि कंबर मोजते.

सायक्लोक्रॉस ही चिखल, गवत, वाळू आणि पायऱ्यांतून फेऱ्या मारण्याची शर्यत. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये झाली. अडथळा आला की उतरायचे, सायकल खांद्यावर घेऊन पळायचे आणि पुन्हा बसायचे. घाटकोपरच्या टेकडीवर सायकल उचलून पायऱ्या चढणाऱ्या मुलाला यात नवे काही नाही. आपल्याकडे हौशी मुलांना बहुधा डोंगरी सायकलच्या, म्हणजे एमटीबीच्या शर्यती मिळतात. फ्रेम निवडताना पाहायच्या गोष्टी दोन्हींसाठी जवळपास त्याच. मात्र कोणती सायकल चालते, हे आयोजकांना आधी विचारा.

माप कसे पाहावे? शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, सायकल तशी घेऊ नका. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर दांडा आणि जांघ यांत दोन-तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढे दुखते, फार वर असेल तर मागच्या बाजूला. हँडल फार लांब पडले तर मान आखडते, हाताला मुंग्या येतात. सीट आणि हँडल थोडे हलवता येते, फ्रेमची लांबी मात्र बदलत नाही.

मुलींसाठी दुकानदार 'लेडीज' सायकल पुढे करतो. शर्यतीला ती नको. वरचा दांडा नसल्याने ती खांद्यावर नीट बसत नाही. मुलीलाही तिच्या मापाची दांड्याचीच सायकल घ्या.

आता धातू. चुंबक चिकटला तर स्टील, नाही चिकटला तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम. स्टील जड, पण दणकट. अंधेरी स्टेशनबाहेर डबेवाल्यांच्या सायकली पाहा, भरपावसात डब्यांचे ओझे वाहतात. अ‍ॅल्युमिनियम हलके असते आणि गंजत नाही, पण तडा गेला की गल्लीतल्या वेल्डिंगने त्याची पहिली ताकद परत येत नाही. सेकंडहँड कार्बन फ्रेम तर घेऊच नका. तिच्या आतली इजा डोळ्यांना दिसत नाही. कमी पैशांत मिळणारे शॉकअपही टाळा. त्यांनी वजन वाढते, उपयोग थोडा. साधा, घट्ट चिमटा बरा.

चिखलासाठी दोन गोष्टी फ्रेमवरच पाहाव्या लागतात. टायर आणि चिमटा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना करंगळी जाईल एवढी जागा हवी, नाहीतर चिखल अडकून चाक जाम होते. सायक्लोक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय नियमात टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. एमटीबीचे टायर त्याहून बरेच रुंद असतात. दुसरे, व्ही-ब्रेक किंवा डिस्क ब्रेक बसवायची जागा फ्रेमवर आणि चिमट्यावर आहे का, ते पाहा. ती नंतर करून घेणे महाग आणि धोक्याचे.

सेकंडहँड घेताना फ्रेम ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा. हँडलखालचा जोड आणि पॅडलजवळचा जोड नखाने चाचपा. रंगाला केसाएवढी चीर किंवा फुगवटा दिसला तर परत फिरा. हा जोड उतारावर तुटला तर मूल तोंडावर पडते. सीटची नळी काढून आत गंज आहे का पाहा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत फ्रेम आतूनच खाल्ली जाते. मागून पाहिल्यावर दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. विकणाऱ्याकडून बिल, नाहीतर नाव-पत्ता आणि सही असलेली चिठ्ठी घ्याच. सायकल चोरीची निघाली तर चौकीत जाब आपल्या मुलाला द्यावा लागेल.

घाई करू नका. नॅशनल पार्कात भाड्याने सायकल मिळते. कान्हेरीच्या चढावर मुलाला एक-दोन रविवार चालवू द्या. काय दुखते, काय आखूड पडते ते त्यालाच सांगता येईल. मग टेप घेऊन दुकानात जा. आणि ठरवलेल्या पैशांतून हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा, उरतील त्यात फ्रेम बघा.